लहरींचा पाव हेलकावा

तुळईला दोऱ्यानें एखादा खडा टांगावा, त्याला पूर्व-पश्चिम झोका द्यावा, आणि तो ऐन टोकाला पोंचला असतां उत्तरेकडे बेताचा धक्का द्यावा. खडा गोल फिरूं लागतो. वास्तविक तेथें दोन सरळ हेलकावेच चालू असतात. मात्र एक दुसऱ्याच्या पाव हेलकावा, म्हणजे ९० अंश, मागें असतो.

उपग्रहांशीं बोलणारे अँटेना हीच युक्ति योजतात. सरळ रेषेंत हेलकावणाऱ्या लहरीची दिशा, उपग्रह स्वतःभोवतीं फिरल्यास किंवा वाटेंत आयनांबर लागल्यास, वळते. ती अँटेनाशीं काटकोनांत आली कीं जवळजवळ कांहींच ऐकूं येत नाहीं. गोल फिरत्या लहरीला ही भीति नाहीं. म्हणून अँटेनाच्या दोन काटकोनी भुजांपैकीं एकीला पाव हेलकावा उशिरा प्रवाह द्यावयाचा.

एका भुजेची वाट लांब केली म्हणजे झालें, असें कोणासही वाटेल. सेकंदाला ३ अब्ज कंपनांची लहर हवेंत १० सेंटिमीटर लांब असते. अडीच सेंटिमीटर जादा वाट तिला बरोबर ९० अंश मागें टाकते. परंतु तीच वाट २ अब्ज कंपनांना ६० व ४ अब्ज कंपनांना १२० अंश मागें टाकते, आणि वर्तुळ चेपून लंबवर्तुळ होतें!

१९५८ सालीं अमेरिकेंत बी. एम. शिफमन यांनीं यावर तोड प्रसिद्ध केली. पाव लहरीएवढ्या दोन पट्ट्या अगदीं शेजारीं ठेवून त्यांचीं पलीकडचीं टोकें जोडावयाचीं. दुसऱ्या वाटेला तिप्पट लांबीची एकटी पट्टी. मध्यावर जोडपट्टी १८० अंश उशीर करते, एकटी २७०. कंपनसंख्या बदलली तरी, जवळिकीच्या परिणामामुळें, दोहोंचा उशीर जवळजवळ सारखाच वाढतो. वजाबाकी ९० च्या आसपास राहते, तीहि सुमारें दुप्पट पल्ल्यांत. उशीर वाढूं न देण्याचा हट्टच यांत नाहीं, हें मला फार आवडतें.

कागदावरची ही सफाई तांब्यांत मात्र उतरत नाहीं. शिफमन यांच्या गणितांत पट्ट्यांभोवतीं सर्वत्र एकच पदार्थ आहे. छापील पाटीवर खालीं घन पदार्थ व वर हवा. त्यामुळें दोन्ही पट्ट्यांतून एकाच दिशेनें जाणारे प्रवाह व विरुद्ध दिशांनीं जाणारे प्रवाह यांचे वेग निरनिराळे पडतात. शिवाय पट्ट्यांमधील फट इतकी बारीक लागते कीं ती कोरणें कठीण. म्हणून कोणी पट्ट्यांखालच्या तांब्याच्या थरांत खांच पाडतात. खांच केवढी हें संगणकावर मॅक्सवेलचीं समीकरणें सोडवून, पुनःपुन्हां मापें बदलून ठरवितात. तांबें नंतर कोरतात.

नारायणगांवजवळ खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ-दुर्बिणी आहेत. तेथील लहरी पुष्कळ लांब आणि ९० अंशांची जोडणीही निराळ्या घडणीची. पण त्यांतील एका पट्ट्यांत तिला सेकंदाला २५ कोटींपासून ५० कोटी कंपनांपर्यंत, म्हणजे नेमक्या दुप्पट पल्ल्यांत, तोच पाव हेलकावा संभाळावा लागतो.