पूर ओसरल्यावरचे घर

पूर घराचे किती आणि कसले नुकसान करणार, हे पाणी किती चढले याइतकेच ते किती दिवस राहिले यावर ठरते. 22 जुलै 2021 रोजी चिपळुणात वाशिष्ठी आणि शिव नद्यांचे पाणी पहाटे शहरात घुसले, तळमजले बुडाले आणि पाणी लवकर ओसरले तरी घराघरांत गाळाचे थर राहिले. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीची तऱ्हा वेगळी होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 57 फुटांवर गेले आणि कित्येक वस्त्यांत आठवडाभर तुंबून राहिले. कोकणातल्या पुरात पहिली लढाई गाळाशी असते, कृष्णा-पंचगंगेच्या काठी ओलीशी.

घरात शिरण्याआधी घर बाहेरून पाहावे. मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, कधी चांगले ऊन पडल्यावर, ढासळतात. कारण भिजून फुगलेली माती वाळताना आकसते आणि बाहेरच्या पाण्याचा आधारही गेलेला असतो. पोट आलेली भिंत, खचलेला कोपरा किंवा नवी तिरकी चीर दिसली तर आत जाऊ नये. तळघरातले पाणी पंप लावून एका दमात उपसणेही धोक्याचे. बाहेरची जमीन अजून पाण्याने भरलेली असते आणि आतला दाब अचानक गेला की भिंत आत ढकलली जाते. उपसा टप्प्याटप्प्याने करावा.

विजेचा मेन स्विच बंद असल्याची खात्री होईपर्यंत कशालाही हात लावू नये. ओल्या फरशीवर उभे राहून तो पाडण्याचे धाडसही करू नये. भिंतीत लपवलेल्या पाइपांमध्ये पाणी आणि गाळ दोन्ही साचतात, त्यामुळे वरून कोरडा दिसणारा बोर्ड आतून ओलाच असतो. वायरमनने बोर्ड उघडून, धुऊन, वाळवून तपासल्याशिवाय वीज सुरू करायची नाही. फ्रिज, वॉशिंग मशीन किंवा पाण्याची मोटर ‘चालते का बघू’ म्हणून लावणे महागात पडते. भिजलेली मोटर बहुधा दुरुस्त होते. ओली असताना चालवली तर जळते.

सामान बाहेर काढण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे आणि भिंतीवरील पाण्याच्या खुणेचे फोटो काढावेत. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी यांना त्यांचा आधार होतो. वास सहन होत नाही म्हणून सगळे रस्त्यावर फेकून मोकळे झालेल्या कुटुंबाकडे नंतर दाखवायला काही उरत नाही.

गाळ ओला असतानाच काढायला हवा. दोन उन्हे लागली की तो तडकतो, फरशीला घट्ट धरतो आणि धुण्याऐवजी खरवडण्याचे काम होऊन बसते. म्हणून पूरगावांतील जाणती माणसे पाणी पुरते उतरायची वाट पाहत नाहीत. घोटाभर पाणी असतानाच खराट्याने गाळ ढवळून ओसरत्या पाण्याबरोबर दाराबाहेर ढकलतात. उरलेला फावड्या-घमेल्याने काढावा. गाळ गटारात लोटू नये, नाहीतर पुढच्या सरीला तेच पाणी परत घरात येते. पायात गमबूट, हातात रबरी मोजे हवेतच, कारण त्या गाळात फुटक्या काचा असतात, अडगळीत साप असतो आणि उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस पायाच्या छोट्याशा जखमेतूनही शरीरात जातो. नंतरच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना पुरात काम केल्याचे आवर्जून सांगावे.

गाळ गेल्यावर साबणाच्या पाण्याने धुणे आणि त्यानंतर ब्लीचिंग पावडर, हा क्रम उलटा करून उपयोग नाही. मातीत मिसळलेली पावडर वाया जाते. फरशीचे डाग काढायला ॲसिड वापरण्याची अनेकांना सवय असते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो, तेव्हा या दोन गोष्टी एकाच दिवशी बाहेरही काढू नयेत.

स्टीलची भांडी धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून वापरता येतात. भिजलेले धान्य, पीठ, मसाले आणि कापसाच्या गाद्या यांचा मोह सोडावा. सागवानी कपाट सावलीत हळूहळू वाळवले तर बरेचदा वाचते, प्लायवूडचे वाचतेच असे नाही. भुशाच्या दाबलेल्या फळ्यांचे मात्र फुगून भुसकट होते. कागदपत्रे उन्हात टाकू नयेत आणि चिकटलेली पाने ओढू नयेत. पंख्याखाली सावकाश वाळवावीत. वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कोणाच्या तरी चालू फ्रीजरमध्ये ठेवावीत, म्हणजे बुरशी थांबते आणि ती निवांतपणे सोडवता येतात.

यानंतरचे काम सर्वांत लांबते आणि तिथेच घाई होते. पूर जुलै-ऑगस्टमध्ये येतो, पाठोपाठ गणपती असतात आणि त्याआधी घर रंगवून घ्यावे असे प्रत्येकालाच वाटते. पण विटांची किंवा जांभ्याची भिंत पाणी पिऊन बसलेली असते. बाहेरही पावसाळी दमट हवा असते. अशा भिंतीवर पुट्टी आणि ऑइलपेंट चढवला की ओल आतच कोंडते. भिंतीतले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर येतात, लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि केलेला खर्च वर्षभरात जमिनीवर पडतो. पाणी भिंतीत वरही चढत असल्यामुळे सुटलेला, पोकळ वाजणारा गिलावा पुराच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत काढावा. कपाटे भिंतीपासून दूर ठेवावीत, खिडक्या उघड्या, पंखे चालू. बुरशी ब्रशने कोरडी खरवडली तर तिचे कण घरभर उडतात, म्हणून आधी ती ओली करावी आणि नाकाला मास्क लावावा.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. फूटभर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा चारही कडांनी चिकटवून दिवसभर ठेवावा. आतून थेंब दिसले तर थांबावे. पूर्ण वाळायला बहुधा हिवाळा उलटतो. गणपतीपुरता चुन्याचा एक हात पुरेसा आहे. चुना ओल बाहेर जाऊ देतो आणि बुरशीलाही रोखतो.

विहीर, जमिनीखालची टाकी आणि शौचालयाची टाकी यांची सफाई ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या मदतीने करून घ्यावी. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर पडून ते तपासले जाईपर्यंत उकळूनच प्यावे.

दुरुस्ती करताना घर पूर्वी होते तसेच उभे करणे हा शहाणपणा नव्हे. वायरिंग छताकडून खाली आणावे, बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्यावेत, तळमजल्याला प्लायवूडऐवजी फरशी आणि कडाप्प्याचे कप्पे करावेत. मोठा खर्च करण्यापूर्वी घर पूररेषेच्या संदर्भात कुठे येते हे जलसंपदा विभागाच्या नकाशावर पाहून घ्यावे. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, आणि तिथल्या जुन्या घरात महागडे फर्निचर करणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे.