पुढच्या वर्षाची परसबाग आत्ताच ठरवा : गावरान बियाणं, पाणी आणि विक्री

मागच्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली, तिथूनच सुरुवात करते. घरामागच्या मांडवावर दुधी भरपूर लागले होते. घरात खाऊन उरले म्हणून शाळेतल्या तीन-चार शिक्षिकांना विकले. पिशवी देताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "अम्मीच्या वेळचं गावरान वाण आहे." दुसऱ्या दिवशी एकीचा फोन आला, "बाजी, दुधी कडू निघाला." पैसे परत दिले, माफी मागितली. तिने भाजी चाखून टाकून दिली होती, अल्लाहचं शुक्र. कारण कडू दुधी ही नुसती चवीची गोष्ट नाही, त्याने जीवावर बेतू शकतं. कडू लागलेला दुधी, दोडका किंवा काकडी शिजवूनही खाऊ नये आणि रस तर मुळीच पिऊ नये. चिरताना एक फोड जिभेला लावून पाहायची आणि कडू लागली की थुंकायची, ही जुन्या बायकांची सवय अगदी बरोबर होती.

बी अम्मीच्या डब्यातलंच होतं, मग कडू का निघालं? त्याच्या आदल्या वर्षी मी ज्या वेलीचं बी धरलं, तिच्या शेजारी कुंपणावर आपोआप उगवलेला दुसरा एक वेल होता. त्याचं फळ कसं आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. किड्यांनी त्याचे परागकण माझ्या फुलावर आणले. त्या वर्षीचं फळ गोडच होतं, बदल झाला तो आतल्या बियांमध्ये, आणि तो दिसला पुढच्या वर्षी. म्हणजे डबा अम्मीचा, पण बी आता अम्मीचं राहिलं नव्हतं. दोन वर्षं मी दुर्लक्ष केलं आणि तीस-चाळीस वर्षं घरात टिकलेलं वाण गेलं.

म्हणून पुढच्या वर्षाची बाग आखताना पहिला प्रश्न "काय लावायचं" हा नसून "कशाचं बी धरायचं" हा असावा, असं माझं मत झालं आहे.

याबाबतीत आपल्याच जिल्ह्यात मोठं उदाहरण आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेलेल्या नाहीत, पण वाल, घेवडा, भाज्या आणि भाताची देशी वाणं त्यांनी घरात जपली. बायफ संस्थेच्या मदतीने त्यांच्या घरी बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या १०० महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. पण एक लक्षात ठेवा. अकोल्याचा तो भाग डोंगराचा, भरपूर पावसाचा. आपलं पारनेर पर्जन्यछायेत, पाऊस ४००-५०० मिलिमीटरच्या घरात, तोही बेभरवशाचा. तिकडचं प्रत्येक वाण इथे चालेलच असं नाही. त्यांच्याकडून घ्यायची आहे ती पद्धत. बी मात्र आपल्या गावात, आपल्या नात्यात शोधा. टाकळी ढोकेश्वर, निघोज, सुपा या बाजूच्या वाड्या-वस्त्यांवर अजूनही एखाद्या दादीकडे, खालाकडे राखेत घातलेला घेवडा मिळतो. लग्नाला, अकीक्याला गेलात की विचारा. माझ्याकडचा जांभळ्या शेंगेचा वाल असाच एका दावतीत मिळाला.

सगळ्या भाज्यांचं बी धरणं सारखंच अवघड नसतं. टोमॅटो, चवळी, घेवडा, मेथी यांची फुलं बहुतेक स्वतःचं स्वतः फळतात, त्यामुळे वाण फारसं बिघडत नाही. नवीन माणसाने इथून सुरू करावं. वांगी, मिरची आणि भेंडीत थोडीफार सरमिसळ होते, म्हणून दोन जाती शेजारी-शेजारी लावू नयेत. खरी अडचण वेलवर्गीय भाज्यांची, आणि मुळा, पालक, कांदा यांची. दुधी, भोपळा, काकडी, कारलं यांना अर्धा-एक किलोमीटरचं अंतर लागतं. वस्तीत ते कुठून मिळणार?

त्यावर उपाय आहे हाताने परागीभवन. मादी फुलाच्या मागे छोटं फळ असतं, नर फुलाला नुसता देठ. उद्या उमलणार अशा दोन्ही कळ्या आज दोऱ्याने हलक्या बांधायच्या किंवा मलमलीच्या कापडाच्या पिशवीत घालायच्या. उमलल्यावर नर फुलाच्या पाकळ्या काढून त्याचे परागकण मादी फुलावर फिरवायचे आणि मादी फूल पुन्हा झाकायचं. फळ धरलं की देठाला रंगीत चिंधी बांधायची, म्हणजे घरातलं कुणी चुकून तोडणार नाही. वेळ मात्र सांभाळा. भोपळा, काकडी, कारलं सकाळी उमलतात, तर दुधी आणि दोडका संध्याकाळी. दुधीचं काम मी असर ते मगरिबच्या मध्ये करते. नर फूल शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलीचं घ्यावं.

बी धरताना आणखी एक चूक सर्रास होते. चांगली फळं विकायची, खायची आणि शेवटी उरलेलं किडकं-वाकडं बियाण्याला ठेवायचं. उलट करायला हवं. सगळ्यात निरोगी झाडाची सुरुवातीची एक-दोन फळं बियाण्यासाठी सोडा. वांगं पिवळं पडून मऊ होईपर्यंत, दुधी खुळखुळा वाजेपर्यंत आणि भेंडी वाळून कडक होईपर्यंत झाडावरच ठेवा. टोमॅटोचा गर पाण्यात दोन दिवस आंबवून बी धुवा. सगळं बी सावलीत वाळवून, राखेत कालवून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा आणि वर वाणाचं नाव, वर्ष, कुणाकडून आलं ते लिहा. कांद्याचं बी जेमतेम वर्षभर उगवतं, शेंगभाज्यांचं दोन-तीन वर्षं, वेलवर्गीयांचं चार-पाच. पेरण्याआधी वीस बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. पंधरा उगवल्या तर पुष्कळ झालं. दहाच उगवल्या तर दुप्पट पेरा. हायब्रीड पाकिटातल्या भाजीचं बी धरू नका, पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत.

आता वर्षाचं वेळापत्रक. मृगाचा पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी, दोडका, कारलं, भोपळा. वाल आणि जुना घेवडाही याच वेळी लावून टाका, पण घाई करू नका. यातल्या बऱ्याच जुन्या वाणांना दिवस लहान झाल्याशिवाय फुलं येत नाहीत, शेंगा दिवाळीच्या पुढेच. माझ्या जावेने सप्टेंबरात "वांझ वेल" म्हणून अख्खा मांडव उपटला होता! अजून हसतो आम्ही.

रब्बीचा हिशेब आपल्या घरांसाठी थोडा वेगळा आहे. २०२७ चा रमजान चंद्रदर्शनाप्रमाणे ८-९ फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होईल. त्या महिन्यात कोथिंबीर, पुदिना, टोमॅटो, हिरवी मिरची, पालक यांना घरोघरी मागणी असते. म्हणून उलटं मोजा. कोथिंबीर ४०-४५ दिवसांत येते, तर पहिला वाफा डिसेंबरच्या २५ तारखेच्या आसपास आणि मग दर दहा-बारा दिवसांनी एक. सगळी एकदम पेरली तर पहिल्या आठवड्यात गड्ड्यांचा ढीग आणि शेवटच्या अशऱ्यात काही नाही. टोमॅटोची रोपं ऑक्टोबरात टाकून नोव्हेंबरात लावली तर वेळेत फळं मिळतात. पुदिना काड्यांनी लागतो, तो आधीच लावून ठेवा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, तेव्हा ही तारीखही दरवर्षी अलीकडे घ्यायची.

पाण्याचं बोलल्याशिवाय पारनेरात बाग होत नाही. मार्चनंतर टँकरची वाट पाहणाऱ्या घराने उन्हाळी भाजीचा नाद करू नये, हे माझं स्पष्ट मत. बियाण्याच्या दोन-चार वेली जगवा, बाकी जमीन पालापाचोळ्याने झाकून ठेवा. पण एक पाणी आपण रोज वाया घालवतो ते म्हणजे वुजूचं. त्यात साबण नसतो. पाच वेळचं, पाच माणसांचं पाणी बादलीत धरलं तर दोन वाफे आरामात भिजतात. मशिदीच्या वुजूखान्याचं पाणी गटारात न सोडता आवारातल्या झाडांना वळवता येईल का, याचा विचार विश्वस्तांनी जरूर करावा.

विक्रीबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती असते. महाराष्ट्रात २०१६ पासून फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आहे, शेतकरी थेट ग्राहकाला विकू शकतो. स्वतः पिकवलेली ताजी भाजी विकणाऱ्या शेतकऱ्याला अन्न सुरक्षा कायदा लागू होत नाही. मात्र तिचं लोणचं, चटणी करून विकलं तर नोंदणी करावी लागते. आणि बियाणं? पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला आपलं बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क आहे. अट एवढीच की संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव-लेबल लावून विकता येत नाही.

दहा-बारा वाफ्यांची बाग असेल तर बाजारात बसू नका, त्यात दिवस जातो. सहा-सात ठरलेली घरं धरा आणि आठवड्यातून एक दिवस नेमा. आदल्या रात्री मोबाईलवर यादी पाठवा, ज्यांनी सांगितलं तेवढंच सकाळी तोडा. गावरान वांग्याला आकार नसतो, पण भरीत एकदा खाल्लं की गिऱ्हाईक पाच-दहा रुपये जास्त देतं. भाजीपेक्षा मला रोपांनी जास्त पैसे दिले, हेही सांगते. जूनमध्ये वांगी-मिरचीची रोपं हातोहात जातात.

पण "गावरान" हा शब्द जपून वापरा. ओलं धान्य ढिगाच्या खाली दडवणाऱ्याला आपल्या रसूलांनी ﷺ भर बाजारात हटकलं होतं, ते आपण लहानपणापासून ऐकतो. पाकिटातलं बी लावून गावरान म्हणणं त्यातलंच. मी आता ज्या वाणाची खात्री नाही त्याला "घरचं" एवढंच म्हणते. फवारणी केली असेल तर तेही सांगते.

शेवटी उश्र. पावसावर आलेल्या पिकात दहावा हिस्सा आणि स्वतः पाणी देऊन काढलेल्या पिकात विसावा. इमाम अबू हनीफा भाजीपाल्यावरही उश्र मानतात, तर इमाम शाफईंसह अनेक फुकहा साठवता न येणाऱ्या भाज्यांवर मानत नाहीत. घराच्या अंगणातल्या बागेला हनफी उलमा सूट देतात, शेतातल्या तुकड्याला मात्र देत नाहीत. आपल्या जमिनीचं काय, ते स्थानिक आलिमांना विचारून घ्या आणि त्यासाठी तोडणीचं वजन वहीत लिहायची सवय लावा. माझ्या वहीत एका पानावर वजन असतं आणि समोरच्या पानावर कोणत्या वेलीला चिंधी बांधली ते. या वर्षी दुधीचं बी मी माहेरच्या एका काकूंकडून नव्याने आणलं आहे. दोनच वेली लावणार, आणि कुंपणावरचा तो जुना वेल मुळासकट काढून झाला आहे.