कळसूबाई : माथा ही अर्धीच वाट

महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर शाळेतच पाठ झालेले असते. १६४६ मीटर, म्हणजे सुमारे ५४०० फूट उंचीचे कळसूबाई एकदा तरी सर करावे, अशी इच्छा मग अनेकांच्या मनात घर करून राहते. मुंबई, पुणे वा नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येत असल्याने सुटीच्या दिवशी तेथे गटागटाने माणसे लोटतात. मात्र 'एका दिवसात होते' याचा अर्थ 'सहज होते' असा नव्हे.

पायथ्याचे बारी हे गाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, घोटी-भंडारदरा रस्त्यावर आहे. गावातून माथ्यापर्यंत सुमारे नऊशे मीटरची चढाई होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचा कातळ घडला. त्यातील कठीण थरांचे उभे कडे झाले, तर ठिसूळ थर झिजून त्यांचे उतार बनले. म्हणूनच येथे काही काळ चढण, मग एकदम कातळ आणि त्यावर लोखंडी शिडी, असा क्रम पुन:पुन्हा येतो.

गटाचे सारे गणित या शिड्यांपाशी बिघडते. शिडीवरून माणसे एकामागून एकच जाऊ शकतात. वीस जणांच्या गटात प्रत्येकाने दोन मिनिटे घेतली, तरी एका शिडीवर चाळीस मिनिटे जातात. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा मांडला होता : सपाटीवर तासाला तीन मैल आणि दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. या हिशेबाने कळसूबाईची उंचीच दीड तास मागते. त्यात अंतर, विश्रांती आणि शिडीवरील खोळंबा मिळवला, की चार तासही अपुरे पडू शकतात.

त्यामुळे निघण्यापूर्वीच परत फिरण्याची वेळ ठरवणे, हा गटाचा पहिला नियम असावा. ती वेळ झाली, की माथा हाकेच्या अंतरावर असला तरी मागे वळावे. दुसरा नियम, गटाची चाल सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या पायांनी ठरावी. पुढचे थांबतात, धापा टाकत मागचा पोहोचतो आणि त्याच क्षणी पुढचे उठून चालू लागतात, हे दृश्य नेहमीचे आहे. ज्याला विश्रांतीची खरी गरज, त्यालाच ती मिळत नाही. म्हणून म्होरक्याइतकाच अनुभवी माणूस पिछाडीला हवा आणि त्याच्या मागे गटातील कोणीही नसावे.

ऋतूचे भानही तितकेच महत्त्वाचे. पावसाळ्यात कातळ निसरडा होतो आणि दाट धुक्यात हाताशी असलेला सोबतीही दिसेनासा होतो. वळवाच्या दिवसांत विजा चमकू लागल्या, तर उघडा माथा आणि लोखंडी शिड्या ही सर्वांत धोक्याची ठिकाणे ठरतात. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ त्या मानाने सोयीचा. तरीही प्रत्येकाकडे किमान तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे आणि विजेरी असावीच.

माथ्यावर कळसूबाईचे छोटेसे देऊळ आहे. कळसू ही कामाला राहिलेली मुलगी. केरवारा आणि भांडी करणार नाही, ही तिची अट मोडली गेली, तेव्हा ती रागावून डोंगरावर निघून गेली, असे लोककथा सांगते. परिसरातील महादेव कोळी समाजाचे हे श्रद्धास्थान असून नवरात्रात येथे यात्रा भरते. हवा स्वच्छ असल्यास अलंग, मदन व कुलंग हे दुर्गत्रिकूट, रतनगड, हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचा जलाशय एका नजरेत सामावतो.

खरी कसोटी मात्र त्यानंतर सुरू होते. उतरताना गुडघ्यांवर भार वाढतो, मांड्या थरथरू लागतात आणि ध्येय गाठल्याच्या समाधानात लक्ष विचलित होते. शिडीकडे तोंड करूनच उतरावे आणि एक जण शिडी सोडेपर्यंत दुसऱ्याने तिच्यावर पाऊल ठेवू नये. येथे कोणाचा पाय मुरगळला, तर त्याला शिड्यांवरून खाली आणणे किती कठीण, याची कल्पना चढताना येत नाही.

कितीजण माथ्यावर पोहोचले, हा आकडा छायाचित्रापुरता ठीक. सायंकाळी बारी गावात चहा घेताना सकाळी निघालेले सगळे चेहरे समोर दिसले, तरच मोहीम यशस्वी झाली असे म्हणावे.