वीस सेकंदांना सहा वर्षं!

अविनाश साबळे माहीत आहे ना? बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात मांडवा नावाचं गाव आहे, तिथला. शाळा सहा किलोमीटरवर, त्यामुळे कधी चालत जायचं, कधी पळत. पुढे तो सैन्यात भरती झाला, सियाचीनच्या बर्फात राहून आला आणि मग ३००० मीटर स्टीपलचेस नावाच्या जरा चक्रमच शर्यतीत शिरला. चक्रम कशी? धावता धावता २८ अडथळे ओलांडायचे, शिवाय सात वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून उडी. बूट भिजले तरी थांबायचं नाही!

या शर्यतीतला भारताचा विक्रम १९८१ पासून गोपाल सैनी यांच्या नावावर होता : ८ मिनिटं ३०.८८ सेकंद. तो ३७ वर्षं टिकला. २०१८ मध्ये अविनाशने भुवनेश्वरला तो मोडला. कितीने मोडला असेल? सेकंदभराने! ८ मिनिटं २९.८० सेकंद. त्यानंतर तो स्वतःचाच विक्रम मोडत सुटला. २०२४ पर्यंत एकूण दहा राष्ट्रीय विक्रम झाले आणि पॅरिसमध्ये घड्याळ थांबलं ८ मिनिटं ९.९१ सेकंदांवर.

करा वजाबाकी. सहा वर्षांत वीस सेकंदही कमी झाले नाहीत. मैदानाच्या साडेसात फेऱ्यांत ते वाटले, तर फेरीमागे पावणेतीन सेकंदसुद्धा येत नाहीत.

इतका वेळ का लागतो? कारण शरीर आतून नवं बांधकाम काढतं. नियमित धावलं की हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं. पेशींमधल्या तंतुकणिका, म्हणजे प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करणारे कारखाने, वाढतात. हाडं आणि स्नायूंना हाडांशी बांधणारे दोर मात्र सगळ्यात सावकाश बळकट होतात. दम टिकायला लागला म्हणून एकदम दुप्पट पळालात, तर कुरकुर तिथूनच सुरू होते. तुमची हाडं तर अजून वाढतायत, त्यांना जास्तच सांभाळायला हवं.

आता २०२२ ची बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा बघा. १९९८ पासून या शर्यतीची तिन्ही पदकं दर वेळी केनियाचे धावपटूच घेऊन जात होते. अविनाश ८ मिनिटं ११.२० सेकंदांत आला. पुन्हा राष्ट्रीय विक्रम! पण केनियाचा अब्राहम किबिवोट ०.०५ सेकंद आधी पोचला होता. त्या वेगाने ०.०५ सेकंदात माणूस साधारण तीस सेंटिमीटर जातो. तुमच्या कंपासपेटीत न मावणारी ती मोठी फूटपट्टी असते ना, तेवढंच अंतर.

मग अविनाश जिंकला की हरला? सुवर्णपदक हुकलं, पण तोवर एवढ्या वेगाने तो कधीच धावला नव्हता. म्हणूनच 'पहिला नंबर' हे ध्येय मला जरा फसवं वाटतं. शेजारच्या रेषेत कोण उभं राहील, ते तुमच्या हातात थोडंच असतं? वर्गातला एखादा मुलगा सुट्टीत ताडमाड वाढून आलेला असतो. त्याच्याशी कशाला तुलना? वहीत आपली वेळ लिहा. शेजारी आठवड्यातून किती दिवस धावायचं तेही लिहा. ते नक्की तुमच्या हातात आहे. त्यातले बरेचसे दिवस धावताना गप्पा मारता येतील इतकंच हळू पळा.

समजा, शाळेच्या मैदानाची एक फेरी २०० मीटरची आहे आणि तुम्हाला एक किलोमीटर साडेपाच मिनिटांत धावायचंय. म्हणजे पाच फेऱ्या, प्रत्येकी ६६ सेकंदांच्या. यातली सगळ्यात अवघड कोणती? पहिली! पाय ताजे असतात, मित्र सुसाट सुटलेले असतात आणि ६६ सेकंद म्हणजे रांगणं वाटतं. पण सुरुवातीलाच सुसाट सुटलं की प्राणवायूचा पुरवठा मागे पडतो आणि थोड्याच वेळात पाय शिशासारखे जड होतात. तेव्हा जाऊ द्या मित्रांना पुढे. चौथ्या फेरीत भेटतीलच.