आपल्या मर्जीचा चहा

खराडीत सकाळी टपरीवर चहा घ्यावा, बांधकामावर निघालेल्या माणसांशी दोन शब्द बोलावेत, हा माझा रोजचा आनंद. माणसांच्या खरेदी-विक्रीच्या बातम्या वाचल्या की असा आनंद चैनीचा वाटू लागतो. मला मात्र तो मापासारखा उपयोगी पडतो.

दलाल प्रत्येक वेळी माणसाला कोंडून नेतोच असं नाही. नोकरीचं, लग्नाचं आमिष असतं, आगाऊ उचल असते. मग कागदपत्रं, फोन काढून घेतले जातात, मजुरी अडवली जाते. मर्जीनं बाहेर पडणं, आपल्या पैशानं चहा पिणं, हेच आधी हिरावलं जातं. राज्यघटनेच्या २३व्या कलमानं माणसांचा व्यापार आणि वेठबिगार, दोहोंवर बंदी घातली आहे. १९७६च्या कायद्यानं वेठबिगारांची कर्जंही रद्द केली.

शेजारच्या घरी राबणारी पोर कधीच एकटी बाहेर दिसत नाही, मजुराच्या हाती पगार पडत नाही, हे नजरेतून सुटू देऊ नये. संशय आला तर स्वतः धाड घालू नये. त्यानं त्या जिवाचाच धोका वाढतो. मुलांसाठी १०९८, इतरांसाठी ११२ फिरवावा. स्वतःचे छोटे आनंद जपणाऱ्यालाच दुसऱ्याचे हरवलेले चटकन जाणवतात.