धम्मयात्रेला निघण्यापूर्वी दाढ दाखवून घ्या

हिवाळा लागला की भीमनगर, मुकुंदवाडी अशा आपल्या वस्त्यांतून धम्मयात्रेच्या बसगाड्या निघतात. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर, आणि मग सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळातील लुंबिनी. काही कुटुंबे पै-पै साठवून श्रीलंकेलाही जातात. फराळ, स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या सारे आठवणीने बांधले जाते. दातांची आठवण मात्र होते ती धावत्या बसमध्ये, मध्यरात्री, दाढ ठणकू लागल्यावर.

वास्तविक दाढ एका रात्रीत बिघडत नाही. थंड पाण्याने कळ येते, एका बाजूने चावता येत नाही, ही तिची आगाऊ सूचनाच असते. आपल्या आया-बहिणी त्यावर मशेरीचे बोट फिरवतात. मशेरीने कळ तेवढी बधिर होते, कीड नसेकडे सरकतच राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण मिळते ते वेगळेच.

म्हणून परदेशात चांगला दंतवैद्य शोधण्याची सुरुवात आपल्या घाटीपासून करावी. घाटी परिसरातील शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय १९८२ पासून सुरू आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. शिकाऊ डॉक्टर तपासतात म्हणून काहीजण नाक मुरडतात. ते बरोबर नाही. त्यांच्यावर प्राध्यापकांची देखरेख असते. वेळ लागतो हे खरे, आणि रोजंदारीवाल्याचा खाडा होतो हेही खरे. पण परमुलखातील खर्चापुढे तो खाडा परवडतो. यात्रेच्या किमान दीड महिना आधी जावे, कारण रूट कॅनालला दोन-तीन खेपा लागू शकतात. विमानाने जाणाऱ्यांनी तर जावेच. किडलेल्या दाढेत किंवा सैल भरणाखाली अडकलेली हवा उंचावर गेल्यावर दाब बदलून भयंकर कळ आणते.

तरीही वाटेत दुखलेच तर? साध्या कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भराव्यात. डॉक्टरांना विचारून घेतलेली पॅरासिटामॉल जवळ असावी. अॅस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून ठेवण्याची खोड वाईट, तिने हिरडी भाजते. मग रस्त्यावरची पहिली पाटी पाहून आत शिरू नये. दंत महाविद्यालय कुठे आहे, हे विचारावे. लुंबिनीहून सुमारे बावीस किलोमीटरवर भैरहवा आहे. तिथल्या युनिव्हर्सल कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसला जोडून दंत महाविद्यालय आहे. हिंदी तिथे चालते, त्यामुळे दुखणे सांगताना अडचण येत नाही. श्रीलंकेत कोलंबोला राष्ट्रीय दंत रुग्णालय आहे. आणि कँडीला तथागतांच्या दंतधातूचे दर्शन घ्यायला गेलेल्या उपासकाची स्वतःचीच दाढ ठणकू लागली, तर जवळच पेरादेनिया येथे विद्यापीठाचे दंत रुग्णालय आहे.

जायचे तिथे जा, पण डोळे उघडे ठेवा. सुई सीलबंद पुडीतून तुमच्यासमोर निघाली का? हत्यारे निर्जंतुक केलेल्या बंद पाकिटातून काढली का? आधीच्या रुग्णाचे हातमोजे बदलले का? हे विचारायला लाजू नये. रक्त लागलेल्या हत्यारातून कावीळ ब आणि क पसरू शकते, आणि ती दाढ बरी झाल्यावरही शरीरात राहते. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारण्यातही गैर काही नाही. नेपाळ आणि श्रीलंका या दोन्ही देशांत दंतवैद्यांची नोंदणी तिथल्या मेडिकल कौन्सिलकडे असते. आपल्याला मधुमेह असेल, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल, एखादे औषध सोसत नसेल, तर ते आधी सांगावे.

आता मुख्य गोष्ट. गरीब माणूस दिसला की "काढून टाकू" म्हणणारे कुठेही भेटतात, आणि आपणही "एकदाची ब्याद गेली" म्हणून तोंड उघडतो. पुष्कळदा ती दाढ वाचण्यासारखी असते. एक्स-रे काढायला सांगावा. दाढ उघडून, आत औषध ठेवून तात्पुरते भरण करता येते. त्याने बहुतेक वेळा कळ थांबते आणि उरलेले काम घरी येऊन करता येते. दाढ काढावीच लागली तर निदान त्या रात्री बसप्रवास टाळावा. जखमेवर धरलेली रक्ताची गाठ सुटू नये म्हणून जोराने थुंकणे, चूळ भरणे आणि तंबाखू त्या दिवशी पूर्ण बंद.

मात्र गालावर सूज आणि ताप असेल, तोंड उघडेना, घास किंवा थुंकी गिळवेना, श्वास लागला, तर ती नुसती दाढदुखी राहिलेली नसते. पू गळ्याकडे उतरून जीव जाऊ शकतो. तेव्हा सहल-प्रमुखांची परवानगी, ठरलेला कार्यक्रम काही पाहू नये. थेट मोठे रुग्णालय गाठावे.

आखातात कामाला जाणाऱ्या तरुणांसाठी थोडे वेगळे. सौदीत खासगी कंपनीच्या कामगाराचा आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो. त्यात दातांचे किती येते आणि कोणत्या दवाखान्यात जायचे, हे पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवावे. यात्रेकरूंनी प्रवास विमा घेतला तर त्यात दातांसाठी बहुधा फक्त तातडीच्या वेदनेचा, तोही मर्यादित खर्च मिळतो. पावती नसली की तोही नाही. म्हणून एक्स-रे, औषधाची चिठ्ठी आणि काय केले याची लेखी नोंद मागून घ्यावी व ती जपून आणावी. घाटीतला डॉक्टर पहिल्यांदा तीच मागेल.