स्कॉलरशिप मंजूर झाली, पण पैसे आले नाहीत? आधी फोनवर ही एक गोष्ट तपासा



महाडीबीटीवर फॉर्म भरला, कॉलेजने पुढे पाठवला, विभागाने मंजूर केला, स्टेटसमध्ये पैसे पाठवल्याचंही दिसतंय. पण खात्यात एक रुपया नाही. तुमचं असं झालं असेल तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. कारण फर्स्ट इयरला माझं अगदी हेच झालं होतं, आणि चूक कुठे आहे हे कळायला मला पाच महिने लागले. ते फोनवर पाच मिनिटांत कळलं असतं.

माझ्यासोबत काय झालं?

मी गावाहून तालुक्याच्या कॉलेजला आलो, रूम घेतली, मेस लावली. घरी सांगितलं होतं की स्कॉलरशिप आली की मेसचे पैसे त्यातून देईन, तुम्ही फक्त रूमभाड्याचं बघा. पप्पांनीही त्याच हिशोबाने पैसे पाठवले.

जानेवारीत माझ्या रूम पार्टनरची स्कॉलरशिप आली. माझी नाही. आमचे फॉर्म एकाच दिवशी, एकाच फोनवरून भरलेले. कॉलेजच्या ऑफिसमध्ये गेलो, तर क्लार्क सर म्हणाले, "तुझे पैसे गेलेले दिसतायत. आमच्याकडचं काम संपलं, आता बँकेत विचार." बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि सांगितलं, "आधार लिंक आहे तुझं. आले की दिसतील." असं मी तीन वेळा गेलो आणि तिन्ही वेळा हेच उत्तर घेऊन परत आलो.

तोपर्यंत मेसची तीन महिन्यांची उधारी झाली होती. काकू काही बोलायच्या नाहीत, पण वहीत माझं नाव आलं की पान उलटायच्या. मला ताटावर बसायची लाज वाटायला लागली होती. शेवटी पप्पांनी आत्याकडून उसने घेऊन पैसे पाठवले.

आणि गंमत बघा, मॅडम खोटं बोलत नव्हत्या. आधार खरंच लिंक होतं. फक्त "लिंक" या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला माहीत नव्हतं.

"आधार लिंक" आणि "आधार सीडिंग" यात फरक काय?

पहिलं लिंकिंग म्हणजे केवायसी. तुम्ही बँकेत आधारची झेरॉक्स दिली, अंगठा दिला, बँकेने तुमच्या खात्यासमोर आधार नंबर नोंदवला. ही नोंद बँकेच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये असते. अशी तुमची चार बँकांत चार खाती असली तरी चारही ठिकाणी आधार लिंक असू शकतं.

दुसरं म्हणजे सीडिंग. यालाच बँकेत "डीबीटी चालू करणं" किंवा "एनपीसीआय करणं" असंही म्हणतात. एनपीसीआय म्हणजे यूपीआय चालवणारी संस्था. तिच्याकडे एक मोठी यादी असते, तिला मॅपर म्हणतात. त्या यादीत प्रत्येक आधार नंबरसमोर एकच बँक लिहिलेली असते. सरकार आधारवर पैसे पाठवतं तेव्हा ही यादी बघितली जाते आणि त्यात जी बँक असेल तिकडे पैसे जातात.

अजून सोपं करून सांगतो. समजा पोस्टात तुमच्या नावाचं पाकीट आलंय. मोठ्या पोस्टाला फक्त एवढंच माहीत असतं की हे पाकीट कोणत्या गावाला पाठवायचं. गावातलं घर तिथला पोस्टमन शोधतो. मॅपरचंही तसंच आहे. त्यात तुमचा खाते नंबर नसतो, फक्त बँक असते. त्या बँकेतल्या कोणत्या खात्यात पैसे टाकायचे हे ती बँक ठरवते.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा:

- चार खात्यांना आधार लिंक असलं तरी सरकारी पैसे एकाच खात्यात येतात.
- ज्या बँकेत सगळ्यात शेवटी सीडिंगला संमती दिली, तीच बँक मॅपरमध्ये राहते. जुनी आपोआप निघून जाते.
- कॉलेजात पासबुकाची झेरॉक्स दिली म्हणून त्याच खात्यात पैसे येतील असं नाही.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या वेळी आईसोबत किंवा बहिणीसोबत तुम्ही बँकेच्या रांगेत उभे राहिला असाल, तर ती रांग बहुतेक याच कामाची होती.

फोनवर कसं तपासायचं?

यासाठी तुमचा चालू मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे. नसेल तर आधी आधार सेवा केंद्रात जाऊन जोडून घ्या. ते काम ऑनलाइन करून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका.

१. ब्राउझरमध्ये "मायआधार" हे यूआयडीएआयचं पोर्टल उघडा. पत्त्याच्या शेवटी "गव्ह डॉट इन" आहे ना, ते बघा.
२. आधार नंबर आणि कॅप्चा टाका, ओटीपी घ्या आणि लॉगिन करा.
३. खाली सर्व्हिसेसमध्ये "बँक सीडिंग स्टेटस" असा पर्याय दिसेल, त्यावर क्लिक करा.
४. तिथे बँकेचं नाव आणि स्टेटस दिसेल. "ॲक्टिव्ह" म्हणजे चालू, "इनॲक्टिव्ह" म्हणजे बंद.

मी हे पहिल्यांदा उघडलं तेव्हा स्टेटस "ॲक्टिव्ह" होतं. पण बँकेचं नाव वाचून मी उडालोच. ती माझी बँक नव्हतीच! ती एक पेमेंट्स बँक होती. बारावीत असताना रिचार्जच्या दुकानात कॅशबॅक मिळतोय म्हणून मी तिथे खातं उघडलं होतं. दुकानदाराने स्क्रीन पुढे केली, मी अंगठा लावला, कसल्या कसल्या टिक केल्या, पन्नास रुपयांचा रिचार्ज फुकट मिळाला आणि विषय संपला. त्यातलीच एक टिक सीडिंगची होती. पुढे ते सिम बंद पडलं, त्यामुळे मेसेजही कधी आला नाही.

म्हणजे माझी स्कॉलरशिप अडकलेली नव्हती. ती जानेवारीतच आली होती, मी विसरलेल्या खात्यात पडून होती.

आता दुरुस्त कसं करायचं?

तुमच्या स्क्रीनवर काय दिसतंय, त्यावर पुढचं काम ठरतं.

*बँक दुसरीच दिसते:* घाबरू नका, पैसे बहुतेक तिथेच असतील. माझं जुनं सिम नव्हतं, त्यामुळे ॲप उघडता येईना. मग मी गावातल्या मिनी एटीएमवाल्याकडे गेलो. तिथे आधार नंबर दिला, त्या बँकेचं नाव निवडलं आणि बोट लावलं. आधी बॅलन्स बघितला, मग पैसे काढले. याला एईपीएस म्हणतात. त्याला ना कार्ड लागतं ना ओटीपी. पैसे काढताना पावती मागा आणि आकडा स्वतः वाचा. गरज नसताना दोन-दोनदा बोट लावू नका.

पैसे काढून झाले की पुढच्या हप्त्यासाठी आपल्या नेहमीच्या बँकेत जा आणि आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा. बँकेत फक्त "आधार लिंक करा" म्हणू नका. "डीबीटीसाठी एनपीसीआय मॅपिंग करायचंय, सध्या ते अमुक बँकेत आहे" असं स्पष्ट सांगा. मी चौथ्यांदा गेलो तेव्हा हेच वाक्य बोललो. त्याच मॅडम म्हणाल्या, "असं आधी सांगायचं ना!" आणि दुसराच फॉर्म काढून दिला.

*काहीच दिसत नाही किंवा इनॲक्टिव्ह दिसतं:* मग पैसे परत गेले असण्याची शक्यता जास्त. हाच संमती फॉर्म बँकेत द्या. एनपीसीआयच्या वेबसाइटवरही "भारत आधार सीडिंग एनेबलर" नावाची सोय आहे. तुमची बँक तिथल्या यादीत असेल तर घरबसल्या सीडिंगची विनंती करता येते, एका बँकेतून दुसऱ्या बँकेत बदलताही येतं. कुठेच खातं नसेल तर इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं पोस्टात आधारवर उघडता येतं आणि त्यात डीबीटी घेता येतं.

*बँक बरोबर आहे, ॲक्टिव्हही आहे, तरी पैसे नाहीत:* आधी त्याच बँकेत तुमचं दुसरं खातं आहे का ते विचारा. शाळेत असताना उघडलेलं असू शकतं. मग खातं चालू आहे का ते बघा. दोन वर्षं काहीच व्यवहार नसला तर खातं निष्क्रिय होतं. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर नवीन केवायसी द्यायची राहिली असेल तरी अडचण येते.

कोणतंही काम केल्यावर काही दिवसांनी मायआधारवर पुन्हा स्टेटस बघा. "होऊन जाईल" यावर विसंबू नका. परत गेलेले पैसे पुन्हा पाठवायचे असतील तर बदललेल्या स्टेटसचा स्क्रीनशॉट आणि ॲप्लिकेशन आयडी घेऊन कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात भेटा.

फॉर्म भरतानाच एवढं सांभाळा

- आधारवरचं, दहावीच्या मार्कशीटवरचं आणि बँकेतलं नाव एकसारखं आहे का बघा.
- उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयाचा आणि मुदतीतला हवा. त्यावरचा नंबर बघून टाका, आठवणीने नको.
- कागदपत्रांची साइज मर्यादा केबीमध्ये असते. फोनच्या कॅमेऱ्याचा फोटो सरळ अपलोड होणार नाही, आधी स्कॅनर ॲपने लहान करा. पण अक्षरं वाचता आली पाहिजेत.
- फॉर्म सबमिट केला म्हणजे झालं असं नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो, मग विभागाच्या. चूक निघाली तर तुमच्याकडेच परत येतो. म्हणून आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा.
- दुसऱ्या वर्षी बहुतेक योजनांत रिन्यूअल करावं लागतं. पैसे आपोआप येत नाहीत.
- युजरनेम आणि पासवर्ड कॅफेवाल्याकडे नको, स्वतःकडे लिहून ठेवा. ओटीपी कुणालाही फोनवर सांगू नका.

आणि एक. कॅशबॅकसाठी, सिमसाठी, कर्जाच्या ॲपसाठी कुठेही नवीन खातं उघडताना "माझ्या आधारवर येणारे सरकारी लाभ याच खात्यात घ्यायचे आहेत" अशा अर्थाची टिक दिसली तर थांबा आणि वाचा. पन्नास रुपयांच्या रिचार्जसाठी केलेल्या एका टिकमुळे मी पाच महिने स्कॉलरशिप शोधत फिरलो.

पैसे हातात आले त्याच संध्याकाळी आत्याला फोन केला आणि तिचे पैसे परत पाठवले. मेसच्या काकूंना सगळा किस्सा सांगितला, तर त्या हसल्या आणि त्यांच्या मुलाचा फोन माझ्या हातात दिला. "ह्याचंही बघ बरं," म्हणाल्या. तो यंदा अकरावीला होता. त्याचं स्टेटस इनॲक्टिव्ह निघालं. फॉर्म भरायच्या आधीच कळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन काम झालं.

तुम्हीही आत्ताच बघून घ्या. आणि हॉस्टेलवर, मेसमध्ये ज्याची स्कॉलरशिप "येईल येईल" म्हणून अडकलीय, त्याला शेजारी बसवून त्याचंही स्टेटस दाखवा.